दररोजचा एक तास

पालकसभेंत शिक्षकांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अभ्यासाविषयींचे प्रश्न पुष्कळ असतात. खेळाविषयींचा प्रश्न बहुधा तक्रारीच्या रूपानें येतो. "मुलगा सारखा मैदानावर असतो, त्याला जरा बोला," असें एक आई म्हणते. "मुलगी जागची हालत नाहीं, दिवसभर हातांत मोबाईल," असें दुसरी म्हणते. मुलानें दिवसांतून नेमका किती वेळ अंग श्रमवावें, असा सरळ प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः या प्रश्नाला आज बरेंच निश्चित उत्तर मिळालें आहे. त्या उत्तराचा अर्थ काय, तें कोणत्या पुराव्यावर उभें आहे, आणि आपल्या शाळेच्या व घरच्या दिवसक्रमांत त्याला कोठें जागा आहे, एवढें समजावून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

जिनीव्हा येथील जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं निरनिराळ्या वयांच्या लोकांसाठीं व्यायामाचें प्रमाण ठरवून प्रसिद्ध केलें. ५ ते १७ वर्षांच्या मुलांमुलींनीं दररोज निदान ६० मिनिटें मध्यम किंवा जोराचे श्रम करावे, असें त्यांत सांगितलें होतें. २०२० सालीं या शिफारशींची पुन्हा तपासणी झाली व शब्दांत थोडा फरक करण्यांत आला. "दररोज निदान ६० मिनिटें" याऐवजीं "आठवड्याच्या सरासरीनें दररोज ६० मिनिटें" असें आतां म्हटलें जातें. शिवाय आठवड्यांतून निदान तीन दिवस श्रम जोराचे असावे, व स्नायू आणि हाडें बळकट करणारे व्यायामही तितकेच दिवस व्हावे, अशी पुस्ती आहे. अपंग मुलांनाही हेंच प्रमाण लागू आहे. त्यांच्या श्रमाचा प्रकार बदलेल, परंतु त्यांना खेळांतून वगळण्याची मुभा कोणासही दिलेली नाहीं. तीन-चार वर्षांच्या बालकांसाठीं तर संघटनेनें २०१९ सालीं याहून मोठें प्रमाण सांगितलें: दिवसांतून एकंदर १८० मिनिटें हालचाल व त्यांतील ६० मिनिटें धांवपळीचीं. ज्या घरांत असें बालक आहे, त्या घरांतील माणसांस हा आंकडा मुळींच मोठा वाटणार नाहीं.

सरासरी हा शब्द घालण्याचें कारण असें कीं ज्या अभ्यासांवर ही शिफारस बसविली आहे, त्यांतील बहुतेकांनीं आठवड्याची सरासरीच मोजली होती. ६० मिनिटें व ७ दिवस म्हणजे ४२० मिनिटांचा आठवडा. एका दिवशीं ताप आला, एका दिवशीं पावसानें झोडपलें, तर पुढच्या दोन दिवसांत भरपाई करतां येते. परंतु सहा दिवस बसून राहून रविवारीं उपासना आटोपल्यावर सात तास मैदानावर घालविण्याची ही परवानगी आहे, असें कोणी समजूं नये. तसें करणारा मुलगा सोमवारीं लंगडत शाळेंत येतो, हें आम्हां शिक्षकांस चांगलें ठाऊक आहे. दुसरी गोष्ट, हा तास एकाच बैठकींत पुरा करावा लागत नाहीं. सकाळीं वीस मिनिटें, मधल्या सुटींत पंधरा, संध्याकाळीं पंचवीस, अशी बेरीजही चालते.

आतां श्रम मध्यम कोणते व जोराचे कोणते, हें कसें ओळखावें? यासाठीं यंत्राची गरज नाहीं. श्वास वाढला आहे, अंगांत ऊब आली आहे, बोलतां येतें पण एखादें गीत सलग म्हणतां येत नाहीं, अशी स्थिति असेल तर श्रम मध्यम समजावे. दोनचार शब्द बोलतांच दम घेण्यास थांबावें लागत असेल तर ते जोराचे. ज्याला चालतां चालतां गीताचीं तिन्ही कडवीं म्हणतां येतात, त्याचें चालणें चांगलेंच आहे, परंतु तें या तासांत मोडत नाहीं. हीच कसोटी आपल्या शाळेच्या कवायतीला लावून पाहिली तर थोडें ओशाळल्यासारखें होतें. ओळ धरून "सावधान" व "विश्राम" करण्यानें शिस्त लागते, आणि ती लागावी असेंच माझें मत आहे. परंतु त्यानें कोणाचाही श्वास वाढत नाहीं.

शरीरश्रमाचा व रोगाचा संबंध दाखविणारा जो पहिला मोठा पुरावा पुढें आला, तो मुलांविषयींचा नव्हता, लंडनच्या बसवरील नोकरांविषयींचा होता. तेथील दुमजली बसवर दोन माणसें काम करीत. चालक दिवसभर आसनावर बसलेला, आणि तिकिटें देणारा वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. दोघांची वस्ती, राहणी व मिळकत बरीचशी सारखी. जेरेमी मॉरिस या वैद्यक संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं सुमारें ३१,००० कामगारांची माहिती जमविली व १९५३ सालीं प्रसिद्ध केली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार वाहकांमध्यें चालकांपेक्षां कमी होता, आणि झाला तरी तो पुढच्या वयांत व कमी घातक स्वरूपांत होत होता. चालक मुळांतच स्थूल असतील, अशी शंका पुढें निघाली व तिचाही मॉरिसनें विचार केला. पुढें अनेक देशांत निरनिराळ्या धंद्यांतील लोकांवर असेच अभ्यास झाले आणि मूळ निष्कर्ष टिकला.

पन्नाशीच्या वाहकाचा आमच्या बारा वर्षांच्या मुलाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. हृदयापुरतें पाहिलें तर संबंध पुढच्या आयुष्याचा आहे. परंतु शरीरांत अशी एक गोष्ट आहे कीं जिचा हिशेब याच वयांत होतो. ती म्हणजे हाडें.

हाड म्हणजे विटेसारखी निर्जीव वस्तु असें आपण समजतों. पण तें जिवंत असतें. त्यांतील पेशींना भार कळतो, व जेथें भार वारंवार पडतो तेथें त्या हाड अधिक भरीव करितात. वाढीचा वेग जेव्हां सर्वांत अधिक असतो, म्हणजे साधारणपणें मुलींच्या बाराव्या-तेराव्या व मुलांच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, तेव्हां केवळ दोन वर्षांत पुढील सबंध आयुष्याच्या हाडांतील खनिजद्रव्यांपैकीं सुमारें चतुर्थांश भाग सांठविला जातो. विशीच्या सुमारास ही पेढी बहुतेक बंद होते. पुढें उतारवयांत जो तो यांतूनच खर्च करीत राहतो. म्हातारपणीं न्हाणीघरांत घसरून मांडीचें हाड मोडलेली आजी आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं असेल. तिच्या हाडाची गोष्ट साठ वर्षांपूर्वींच सुरू झालेली असते.

टेनिस खेळणाऱ्यांच्या हातांची क्ष-किरणांनीं तपासणी केली असतां रॅकेट धरणाऱ्या हाताचें हाड दुसऱ्या हातापेक्षां जाड आढळतें. हा पुरावा मला फार आवडतो. दोन माणसांची तुलना केली कीं आहार निराळा, वंश निराळा, अशा शंका येतात. येथें दोन्ही हात एकाच माणसाचे. अन्न तेंच, रक्त तेंच, आईबाप तेच. फरक फक्त चेंडू मारण्याचा. ज्यांनीं लहानपणापासून खेळास आरंभ केला, त्यांच्यांत हा फरक अधिक दिसतो.

हाडाला मात्र कोणताही भार चालत नाहीं. संथ व सारखा भार त्याला फारसा जाणवत नाहीं. अचानक आदळणारा, मधून मधून पडणारा, निरनिराळ्या दिशांनीं येणारा भार त्याला जाणवतो. म्हणून पोहणें व सायकल हे हृदयाला व फुप्फुसांना उत्तम व्यायाम असले, तरी हाडांना त्यांचा लाभ कमी. कारण तेथें शरीराचा भार पाणी किंवा चाक उचलतें. हाडांना उडी पाहिजे. आणि उडीचें नांव काढल्याबरोबर आपल्या महाराष्ट्रांतील खेळांकडे वळल्यावांचून राहवत नाहीं.

लंगडी घ्या. एका पायावर उडत जाऊन दुसऱ्याला शिवावयाचें, थांबावयाचें नाहीं, दुसरा पाय टेकावयाचा नाहीं. प्रत्येक उडीला शरीराच्या वजनाहून पुष्कळ अधिक भार एकट्या पायाच्या हाडावर पडतो, दिशा क्षणोक्षणीं बदलते, आणि पांच मिनिटांत दम लागतो. जिनीव्हाच्या तज्ज्ञांनीं हाडें बळकट करणाऱ्या व्यायामांत उड्या मारणें व धांवणें सांगितलें आहे. आपल्या अंगणांत हें सर्व एका खेळांत, कवडीही खर्च न करितां होत असे. ठिकरीच्या खेळांतही हेंच आहे. सूरपारंब्यांत वडाच्या पारंब्यांना लोंबकळून स्वतःचें वजन हातांनीं वर ओढावें लागतें, म्हणून तो स्नायूंचा व्यायाम. मल्लखांब त्याच जातीचा, पण पुष्कळ वरच्या दर्जाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं ती विद्या पुन्हा नांवारूपास आणली. हुतुतूंत, ज्याला आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात, ढकलणें, ओढणें व धरून ठेवणें यांमुळें सर्वांगाला ताण पडतो. फुगडी व झिम्मा यांना आपण बायकांचा विरंगुळा म्हणून हंसण्यावारी नेतों. पण एकदां दहा मिनिटें फुगडी घालून पाहावी व मग दोन शब्द बोलून दाखवावे. विटीदांडूवर माझें प्रेम असलें तरी प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्यांत नेमबाजी अधिक व धांव कमी आहे. आणि गोट्या हा बसल्या जागेचाच खेळ.

दंड-बैठकांसंबंधीं एक गैरसमज येथेंच दूर करावा. लहानपणीं जोर काढले म्हणजे उंची खुंटते, असें पुष्कळ घरीं मानतात. स्वतःच्या शरीराच्या वजनानें, जाणत्याच्या देखरेखीखालीं व बेताबेतानें केलेल्या व्यायामानें उंची खुंटत नाहीं. ईर्ष्येनें एकट्यानेंच जड वजन उचलण्यांत मात्र इजा होण्याचा धोका आहे. तें करूं नये.

शाळेच्या वेळापत्रकांत व्यायामाचा तास असतो, मग घरीं निराळा तास कशाला, असाही प्रश्न येतो. त्याचा हिशेब मांडून पाहूं. चाळीस मिनिटांचा तास. वर्गांतून मैदानावर जाणें, रांगा, हजेरी, संघ पाडणें व परत येणें यांत दहा-बारा मिनिटें जातात. उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांत पन्नास मुलें, एक बॅट व एक चेंडू असेल, तर खेळतात किती? एक गोलंदाज, दोन फलंदाज, चेंडूमागें धांवणारे दोघेतिघे. बाकीचे आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे. एखादा क्षेत्ररक्षक तर गवतांतला टोळ पाहत असतो. क्रिकेटला नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. पूर्ण दिवसाच्या खेळांत त्याचे गुण आहेत. परंतु अठ्ठावीस मिनिटांत पन्नासांना दमविण्याचें तें साधन नव्हे. तेवढ्याच वेळांत खोखो घेतला तर नऊ मिनिटांची एक पाळी. त्यांत पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकीं आठ बसलेले असतात खरे, पण प्रत्येकाला पुन्हां पुन्हां उठून वेगानें सुटावें लागतें, आणि पळणारे तिघे तर क्षणभरही उसंत घेऊं शकत नाहींत. मैदानावर दोन खोखो व दोन लंगडीचे डाव एकाच वेळीं मांडले तर बहुतेक वर्ग हालता राहतो. फुटबॉल असेल तर एका मोठ्या सामन्याऐवजीं पांच-पांचांचे चार लहान सामने लावावे. चेंडू अधिक लागतात, इतकेंच.

या दृष्टीनें आपल्या मिशनच्या शाळांच्या मैदानांवर दिसणाऱ्या दोन खेळांची जन्मकथा मनोरंजक आहे. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए. च्या, शिक्षणसंस्थेंत जेम्स नायस्मिथ हे शिक्षक होते. ते मूळचे कानडा देशाचे व धर्मशास्त्राचें शिक्षण घेतलेले. बाहेर हिंवाळा, आंत कसरतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. त्यांना खोलींतच दमवील असा खेळ पाहिजे होता. म्हणून नायस्मिथांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, आणि बास्केटबॉल निघाला. चार वर्षांनीं, १८९५ सालीं, होल्योक येथील वाय. एम. सी. ए. मधील विल्यम मॉर्गन यांना अगदीं उलट अडचण आली. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रौढ व्यापारी मंडळीला बास्केटबॉल फार दमवी. त्यांच्यासाठीं सौम्य खेळ म्हणून त्यांनीं व्हॉलीबॉल काढला. नवशिक्या मुलांचा व्हॉलीबॉल पाहिला म्हणजे हा इतिहास आठवतो: चेंडू जाळ्यांत, मग कोणी तो आणावयास जातो, इतर कमरेवर हात ठेवून उभे. खेळ अंगीं बाणल्यावर तो उत्तम, पण तोंपर्यंत दम लावण्याचें काम बास्केटबॉलनेंच करावें. हिंदुस्थानांत हे खेळ व ते शिकविणारे शिक्षक पसरविण्याचें श्रेय बरेंचसें हॅरी क्रो बक यांना आहे. त्यांनीं १९२० सालीं मद्रासेस वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय सुरू केलें, व १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी संघाबरोबर ते व्यवस्थापक म्हणून गेले होते.

शाळेला पायीं येणाऱ्या मुलांचा हिशेब निराळा आहे, आणि तो त्यांच्या पदरांत टाकला पाहिजे. दोन किलोमीटर झपाझप चालण्यास सुमारें पंचवीस मिनिटें लागतात. जातां-येतां मिळून पन्नास. अशा मुलाचा तास जवळजवळ भरलाच; त्यानें थोडें धांवावें व उड्या माराव्या, म्हणजे झालें. विहिरीचें पाणी भरणें, धुणें धुणें, अंगण झाडणें, शेतांत हात लावणें हेंही श्रमच आहेत व तेही मोजले जातात. रिक्षानें दारांतून दारांत जाणाऱ्या मुलाची गोष्ट अर्थातच वेगळी.

उघड्यावर खेळण्याचा आणखी एक लाभ आहे, तो डोळ्यांचा. वर्गांत पहिल्या बांकावरूनही फळा न दिसणारीं मुलें दरवर्षीं वाढत आहेत, हें प्रत्येक शिक्षक पाहतो. चीनमधील ग्वांगजौ शहरांतील बारा प्राथमिक शाळांत याविषयीं प्रयोग झाला, व तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटें जादा उघड्यावर नेण्यांत आलें, इतर सहा शाळांत नेहमींचा क्रम ठेवला. तीन वर्षांनंतर लघुदृष्टि नव्यानें जडलेल्या मुलांचें प्रमाण पहिल्या शाळांत शेंकडा ३०.४ व दुसऱ्या शाळांत शेंकडा ३९.५ आढळलें. येथें काम व्यायामानें केलें नसून बहुधा उघड्यावरील प्रकाशानें केलें, असें समजतात. म्हणजे तोच तास छपराखालीं घालविण्यापेक्षां आकाशाखालीं घालविला तर डोळ्यांचेंही भलें होतें. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत मात्र दुपारचें ऊन वर्ज्य करावें. सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर खेळावें, खेळण्यापूर्वीं व मध्यें पाणी प्यावें. डोकें दुखूं लागलें, मळमळलें किंवा भोंवळ आली तर ताबडतोब सावलींत यावें. पाणी व घरची लिंबाची सरबत पुरे. बाजारांतील रंगीत पेयांची आवश्यकता नाहीं.

मोबाईलपुढें किती वेळ बसावें, याचा मिनिटांचा आंकडा मोठ्या मुलांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेला नाहीं. करमणुकीचें बसणें कमी करावें, इतकेंच म्हटलें आहे. माझ्या मतें यावरून घरोघर भांडण करण्यापेक्षां आधीं खेळण्याची वेळ ठरवावी. जी वेळ ठरलेली असते ती पाळली जाते.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली, तिकडे वळतों. आपल्या समाजांत हा तास मुलांकडून दोन ठिकाणीं हिरावला जातो, आणि हिरावून घेणारे हात प्रेमाचेच असतात.

पहिलें ठिकाण दहावीचें वर्ष. नववीची परीक्षा संपतांच चेंडू कपाटांत जातो, संघांतून नांव काढण्याविषयीं चिठ्ठी येते, आणि सकाळची शिकवणी, शाळा व संध्याकाळची शिकवणी असा दिवस सुरू होतो. आईबापांचा हेतु निर्मळ असतो. परंतु हिशेब पाहा. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोंप लागते, साडेआठ धरूं. शाळेचे साडेसहा, जाण्यायेण्याचा एक, स्नान-भोजनादिकांचे दोन. एकूण अठरा. उरले सहा. त्या सहांतून एक तास खेळाला दिला तर अभ्यासाला पांच राहतात, आणि शाळेबाहेर रोज पांच तास एकाग्र मनानें अभ्यास करणारा विद्यार्थी मला तरी फार थोड्या वेळां भेटला आहे. खेळ बंद केल्यानें वाचलेला तास पुस्तकाकडे जातो, हें गृहीतच चुकीचें आहे. तो बहुधा पुस्तक उघडें ठेवून घालविला जातो. उलट नियमित श्रम करणाऱ्या मुलांचें लक्ष, स्मरण व अभ्यासांतील गति सुधारते, असें २०२० च्या शिफारशींसाठीं गोळा केलेल्या पुराव्यांतही नमूद आहे. व्यायामानें गुण वाढतीलच असें वचन मी देत नाहीं. परंतु रोजच्या एका तासानें ते घटत नाहींत, एवढें निःशंकपणें सांगतां येतें.

कांहीं भाविक घरांत आणखी एक विचार आढळतो. पौलानें तीमथ्याला लिहितांना शरीराच्या कसरतीला भक्तीच्या मानानें कमी लेखलें आहे, हें तेथें दाखवितात. कमी लेखलें आहे हें खरें. पण वर्ज्य केलेलें नाहीं. जो पौल करिंथच्या मंडळीला शर्यतींत धांवणाऱ्याचें व मुष्टियोद्ध्याचें उदाहरण देतो, आणि शरीराला पवित्र आत्म्याचें मंदिर म्हणतो, त्याच्या नांवानें मुलाला खोलींत बसविणें मला बरोबर वाटत नाहीं.

दुसरें ठिकाण याहून अधिक दुःखाचें आहे. पांचवी-सहावीपर्यंत लंगडींत मुलांना मागें टाकणारी मुलगी सातवी-आठवीच्या सुमारास एकाएकीं मैदानावरून नाहींशी होते. "आतां ती मोठी झाली," एवढेंच कारण सांगितलें जातें. हाडांची पेढी ज्या दोन वर्षांत सर्वांत भरते, नेमक्या त्याच वर्षांत तिचे पैसे भरणें आपण बंद करितों. १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या सोळा लक्ष विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ सालीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१६ सालापर्यंतच्या त्या माहितीवरून जगांतील या वयाच्या शेंकडा ८१ मुलांचा हा रोजचा तास भरत नव्हता. मुलग्यांत शेंकडा ७८ व मुलींत शेंकडा ८५. हिंदुस्थानांतील आंकडे जगाच्या मानानें थोडे बरे निघाले. त्याचें कारण सुचवितांना अभ्यासकांनीं मुलग्यांच्या बाबतींत क्रिकेटच्या वेडाचा उल्लेख केला, आणि मुलींच्या बाबतींत घरकामाचा. हें वाचून आनंद मानावा कीं लाज वाटावी, हें ज्यानें त्यानें ठरवावें. भावाचा तास खेळण्यांत भरतो, बहिणीचा धुणें-पाणी करण्यांत.

मासिक पाळीच्या दिवसांत खेळूं नये, हा समज शास्त्राला धरून नाहीं. त्या दिवसांत मुलीला बरें वाटत असेल तर तिनें अवश्य खेळावें. दुखत असेल तर विश्रांति घ्यावी. हा निर्णय तिचा तिनें घ्यावा. मुलगी लवकर थकते, जिना चढतांना दम लागतो, म्हणून तिला बसवून ठेवणें हा मात्र मोठा घोटाळा होतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींत रक्तक्षय आढळला होता. अशा मुलीला खेळापासून दूर ठेवल्यानें रक्त वाढत नाहीं. तिचें हिमोग्लोबिन तपासावें, डॉक्टरांच्या सल्ल्यानें लोहाच्या गोळ्या द्याव्या, जेवणांत पालेभाज्या, कडधान्यें, जमेल त्यांनीं मांस-मासे व बरोबर लिंबू-पेरू असावें; आणि रक्त भरून येईल तसा खेळ वाढवावा. दमा असलेल्या मुलांविषयींही असेंच: औषध नीट चालू असेल तर बहुतेकांना खेळतां येतें. खेळतांना छातींत दुखणें, शुद्ध हरपणें, किंवा घरांत कोणाचा तरुण वयांत हृदयविकारानें अचानक मृत्यु झालेला असणें, यांपैकीं कांहीं असेल तर मात्र आधीं डॉक्टरांस दाखवावें व मग मैदानावर जावें.

मुलींच्या आयांना विचारलें म्हणजे अडचणी फार मोठ्या निघत नाहींत. उड्या मारतांना अवघडून जाणार नाहीं असा पोशाख, पायांत बूट, मैदानाचा एक कोपरा जेथें कोणी टक लावून पाहत उभें राहणार नाहीं, एखादी शिक्षिका, स्वच्छ व कडी लागणारें शौचगृह, आणि दिवे लागणीपूर्वीं घरीं पोंचतां येईल अशी वेळ. यांतील निम्म्या गोष्टी शाळेनें करावयाच्या आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठीं संध्याकाळीं पांच ते सहा या वेळांत घरचें पाणी कोणी दुसऱ्यानें भरलें पाहिजे. आणि त्या वेळीं भाऊ घरींच असेल, तर त्यानेंच.